पहिल्या उड्डाणाचा निकाल आधीच लावू नका

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोच्या नव्या अवजड रॉकेटला मंजुरी दिली. ‘नेक्स्ट जनरेशन लाँच व्हेइकल’ या नावाने ते सध्या ओळखले जाते. पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टन वजन नेण्याची त्याची क्षमता असेल, पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरता येईल, आणि या कामासाठी ८,२४० कोटी रुपये व ९६ महिने मंजूर झाले आहेत. म्हणजे ठरल्याप्रमाणे झाले तर २०३२ च्या सप्टेंबरपर्यंत त्याची चाचणी उड्डाणे पार पडलेली असतील. उड्डाणाला अजून वर्षे आहेत, पण त्यावरचा निकाल मात्र तयार आहे. जिथे रब्बीला पाणी पुरत नाही त्या हिंगोलीसारख्या जिल्ह्याला हे रॉकेट काय कामाचे, हा त्याचा पहिला भाग. पहिलेच उड्डाण बंगालच्या उपसागरात कोसळले तर एवढे कोटी पाण्यात गेले असेच म्हणायचे ना, हा दुसरा. दोन्ही आक्षेपांच्या तळाशी एकच समजूत आहे: रॉकेट ही पैसे मोजून घ्यायची तयार वस्तू आहे आणि पहिले उड्डाण म्हणजे तिची पोचपावती. ही समजूत चुकीची आहे. पहिल्या चाचणीत आपण माहिती विकत घेतो. त्या चाचणीला फसण्याची मुभा आधीच दिली नाही, तर पुढची प्रत्येक मोहीम महाग आणि धोक्याची होते. मात्र ही मुभा फुकट द्यायची नाही. तिच्या बदल्यात हिशेब मागायचा. तो कसा मागायचा, ते पुढे येईल.

आधी पैशाचे. हिंगोलीचे दुखणे खोटे नाही. सिद्धेश्वर आणि इसापूर ही मोठी धरणे उशाशी असताना जिल्ह्यातली बरीचशी शेती आजही पावसाच्या भरवशावर आहे, आणि सिंचनाच्या अनुशेषाचा प्रश्न वर्षानुवर्षे नुसता गाजतो आहे. सेनगाव किंवा कळमनुरीच्या शेतकऱ्याने कोट्यवधींचे आकडे ऐकून चिडून प्रश्न विचारला तर त्यात वावगे काहीच नाही. पण तो प्रश्न ज्या दारात विचारला जातो, ते दार चुकीचे आहे. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सुमारे १३,००० कोटी रुपये मिळाले आणि एकूण खर्च होता सुमारे ४८ लाख कोटींचा. शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. नव्या रॉकेटचे ८,२४० कोटी आठ वर्षांत विभागले तर वर्षाला हजार कोटींच्या थोडे वर जातात. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. देशाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात धरले तर या रॉकेटमधला जिल्ह्याचा वाटा वर्षाला साधारण एक कोटी भरतो. हे रॉकेट उद्या रद्द झाले आणि ते एक कोटी खरोखरच हिंगोलीकडे वळवले, असे क्षणभर मानू या. त्यातून किती कालवे होतील, किती शिवारे भिजतील? अनुशेष राहिला तो भूसंपादनात, प्रशासकीय मान्यतांत, पाणीवाटपाच्या राजकारणात आणि राज्याच्या प्राधान्यक्रमात. त्याचा जाब मुंबईतल्या मंत्रालयाला विचारायला हवा. श्रीहरिकोट्याकडे बोट दाखवले की तो जाब आपोआप टळतो, आणि ज्यांनी उत्तर द्यायचे ते मोकळे होतात.

यावर सांगितले जाईल की वाटा लहान असला तरी मोबदला काय? इथे अवकाश संशोधनाचे समर्थक बहुधा मोघम बोलतात: प्रतिष्ठा वाढेल, तरुणांना प्रेरणा मिळेल. असल्या उत्तरांनी कोणाचे समाधान होत नाही आणि होऊही नये. त्यापेक्षा एका फसलेल्या उड्डाणाचा माग घेतला तर बरे. १५ एप्रिल २०१० रोजी जीएसएलव्ही रॉकेट पहिल्यांदा स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन उडाले. वरच्या टप्प्यातले ते इंजिन पेटले, पण हायड्रोजन पुरवणारा बूस्टर टर्बोपंप लगेच थांबला आणि रॉकेट समुद्रात पडले. वर्तमानपत्रांचे मथळे काय होते, ते सांगायला नको. इंजिनाची दुरुस्ती आणि चाचण्या होऊन त्याच जातीचे रॉकेट ५ जानेवारी २०१४ रोजी यशस्वी व्हायला जवळपास चार वर्षे लागली. त्यानंतर याच रॉकेटने सप्टेंबर २०१६ मध्ये इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इन्सॅट-३डीएस हे हवामान उपग्रह वर नेले. पावसाळ्यात दूरदर्शनवर, मोबाइलवर, कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात जे ढगांचे चित्र दिसते, त्यामागे हे उपग्रह आहेत. ३० जुलै २०२५ रोजी याच रॉकेटने निसार हा रडार उपग्रह नेला. ढग असोत की रात्र, दर बारा दिवसांत दोनदा तो जवळपास सगळी जमीन टिपतो आणि मातीतल्या ओलाव्याचा अंदाज देतो. खरिपात आभाळ महिनोन्‌महिने झाकलेले असते, तेव्हा साध्या छायाचित्राचा उपग्रह आंधळा होतो. वसमतच्या हळदीला आणि औंढ्याच्या सोयाबीनला नेमकी तेव्हाच माहिती हवी असते. २०१० साली ‘पैसे बुडाले’ म्हणून तो प्रकल्प गुंडाळला असता, तर हे उपग्रह नेण्यासाठी आपल्याला दुसऱ्याचे रॉकेट आणि दुसऱ्याची तारीख शोधावी लागली असती.

रॉकेट आणि पाऊस यांचे नाते एका मराठी शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीत तर उघड दिसते. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर थुंबा येथे घन इंधनावर काम करत मोठे झाले आणि १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. पुढे विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांच्या नेतृत्वाखाली मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजाचे सोळा घटकांवर आधारलेले प्रारूप तयार झाले आणि १९८८ पासून हवामान खाते ते वापरू लागले. त्या प्रारूपाचा पुढचा इतिहास आपल्या विषयाला धरूनच आहे. २००२ साली त्याचा अंदाज साफ चुकला. जुलैत देशभरात सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस झाला आणि दुष्काळ पडला. हवामान खात्याने अंदाज वर्तवणे सोडून दिले नाही. प्रारूप कुठे कमी पडले ते तपासले आणि पुढच्या वर्षी नवे प्रारूप आणले. दुष्काळाचा फटका ज्यांना बसला त्या शेतकऱ्यांनीही अंदाजच नको, अशी मागणी केली नाही. चुकलेला अंदाज सुधारायचा असतो, हे शेतीवर जगणाऱ्या समाजाला सांगावे लागत नाही. रॉकेटच्या बाबतीत मात्र तोच समाज पहिल्या अपयशाला शेवटचे अपयश का मानतो?

खरे तर चाचणीचा अर्थ हिंगोलीच्या शेतकऱ्याइतका कोणालाच ठाऊक नाही. मृगाआधी घरच्या सोयाबीनची उगवण पाहायची तर गोणपाटाचा तुकडा ओला करतात, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडतात, गुंडाळी सावलीत ठेवून ओल टिकवतात आणि काही दिवसांनी कोंब मोजतात. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणे पेरणीजोगे. त्याहून कमी निघाले तर एकरी बियाणे वाढवायचे, अगदीच थोडे निघाले तर ती पोती बाजूला सारायची. कोंब कमी आले म्हणून चाचणी वाया गेली, असे कोणी म्हणत नाही. उलट शेत वाचले असे म्हणतात. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा खच पडला आणि औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. न तपासलेल्या बियाण्याची किंमत काय असते, ते त्या वर्षी कळले. रॉकेटचे विकास उड्डाण हेच काम करते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे भारताचे पहिले उपग्रहवाहक रॉकेट पडले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून नायट्रिक ॲसिडची गळती झाली होती. वर्षभरात, १८ जुलै १९८० रोजी, त्याच रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. एएसएलव्ही १९८७ मध्ये पडले आणि १९८८ मध्ये पुन्हा पडले. पीएसएलव्हीचे २० सप्टेंबर १९९३ चे पहिले उड्डाण फसले आणि त्याबरोबर आयआरएस-१ई उपग्रह गेला. तेरा महिन्यांनी दुसरे उड्डाण साधले. पुढे याच पीएसएलव्हीने २००८ मध्ये चांद्रयान-१ आणि २०१३ मध्ये मंगळयान नेले. १९९३ च्या सप्टेंबरात त्याच्यावर फुली मारली असती, तर यातले काहीच घडले नसते.

इथे जाणकार वाचक एक वजनदार आक्षेप घेईल. ते सगळे शिकण्याचे दिवस होते, आता इस्रोकडे चार दशकांचा अनुभव आहे, महासंगणक आहेत, जमिनीवर चाचणीची साधने आहेत. मग पहिले उड्डाण का फसावे? आक्षेप योग्य आहे आणि त्याला दाखलाही आहे. एलव्हीएम-३ हे आपले सध्याचे सर्वांत मोठे रॉकेट ५ जून २०१७ रोजी पहिल्याच कक्षीय उड्डाणात यशस्वी झाले. पण त्याआधी १८ डिसेंबर २०१४ रोजी त्याचे एक अपुरे उड्डाण मुद्दाम केले गेले होते. वरचा क्रायोजेनिक टप्पा त्यात चालणारा नव्हताच. खालचे टप्पे वातावरणातून जाताना कसे वागतात हे मुख्यतः तपासायचे होते. म्हणजे ते यशही एका चाचणीनेच कमावले होते. उलट बाजूचा दाखला एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचा आहे. ७ ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे एवढ्या अनुभवानंतर, त्याचे पहिले उड्डाण फसले. दुसरा टप्पा सुटताना जो हादरा बसला, त्यात त्वरण मोजणारे संवेदक क्षणभर आपल्या मर्यादेबाहेर गेले. संगणकाने ते बिघडल्याचे मानून त्यांना बाजूला काढले आणि रॉकेट अंदाजाने पुढे गेले. शेवटी वेग सेकंदाला सुमारे ५६ मीटरने कमी पडला. हवा होता जवळपास ७,७०० मीटरचा वेग. म्हणजे तूट शेकड्यात एकाहूनही कमी. तेवढ्याने कक्षेचा खालचा बिंदू ७६ किलोमीटरवर आला आणि उपग्रह वातावरणात परतले. इंजिने ठीक होती, संवेदकही धडधाकट होते. चुकला तो हादऱ्याचा अंदाज. तो हादरा जमिनीवर हुबेहूब निर्माण करता येत नाही. युरोपचा अनुभवही हाच आहे. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत फुटले, कारण एरियन-४ वर वर्षानुवर्षे नीट चाललेली संगणकीय आज्ञावली नव्या रॉकेटच्या वाढलेल्या वेगाचे आकडे सांभाळू शकली नाही. इथे जुना अनुभवच नडला. त्याच एरियन-५ ने पुढे २०२१ च्या नाताळात जेम्स वेब दुर्बीण अचूक मार्गावर सोडली. आपले नवे रॉकेट तर इंजिनांच्या जुडग्यावर चालणार, पहिला टप्पा परत उतरवणार. यातले बरेच काही इस्रोने या आकारात कधी केलेले नाही.

म्हणून काहीही उडवावे आणि पडले तर शिकलो म्हणावे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. सोव्हिएत संघाच्या एन-१ या चांद्ररॉकेटचा धडा विसरता येणार नाही. त्याच्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिने होती आणि तो टप्पा जमिनीवर एकत्र पेटवून पाहण्याची सोयच केली नव्हती. १९६९ ते १९७२ या काळात ते चार वेळा उडाले, चारही वेळा कोसळले आणि प्रकल्प बंद पडला. अमेरिकेच्या सॅटर्न-५ चे पहिले उड्डाण ९ नोव्हेंबर १९६७ रोजी पूर्ण यशस्वी झाले, कारण त्याचा प्रत्येक टप्पा आधी जमिनीवर बांधून पेटवून पाहिला होता. स्टारशिप या अमेरिकेतल्या खासगी कंपनीच्या रॉकेटचा मार्ग तिसराच आहे: पटापट बांधा, उडवा, फुटले तर सुधारा. २० एप्रिल २०२३ च्या उड्डाणात ते रॉकेट चार मिनिटांत संपले आणि खालच्या तळाचे काँक्रीटही उखडले. ज्या कंपनीचा कारखाना एकामागून एक रॉकेट बाहेर काढतो, तिला हे परवडते. आपल्याकडे मंजुरी तीन विकास उड्डाणांची आहे. तेव्हा मुभा द्यायची ती जमिनीवर जे तपासता येते ते सगळे तपासून झाल्यानंतरच्या अपयशाला. आळसाला किंवा घाईला नाही. आणि त्या ८,२४० कोटींत केवळ तीन रॉकेटांची किंमत नाही. इंजिनांचा विकास, चाचणीच्या सुविधा, मोहिमेची तयारी हे सगळे त्यात येते. पहिले रॉकेट समुद्रात गेले तरी चाचणीमंच, साचे, आराखडे, आणि विक्रोळीच्या गोदरेजमध्ये किंवा वालचंदनगरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे इस्रोची कामे करून तयार झालेले हात समुद्रात जात नाहीत.

मग रॉकेट भाड्याने का घेऊ नये, हा पुढचा प्रश्न. आपण ते घेतोच. ५,८५४ किलोचा जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये एरियन-५ ने गेला, ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कन-९ ने. व्यवहार म्हणून त्यात कमीपणा नाही. पण पर्याय हाताशी असताना भाड्याने घेणे वेगळे आणि पर्यायच नसताना घेणे वेगळे. क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्याचा करार १९९१ मध्ये सोव्हिएत संस्थेशी झाला होता. अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले. तयार इंजिने मिळाली, विद्या मिळाली नाही. ती शिकण्यात आपली वीस वर्षे गेली. शिवाय इथे पैशाचा मुद्दाही रॉकेटच्या बाजूचाच आहे. सरकारी निवेदनानुसार नवे रॉकेट एलव्हीएम-३ च्या तिप्पट वजन दीडपट खर्चात नेईल. हे खरे ठरले तर किलोमागचा खर्च निम्मा होतो. हा आज दावा आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि उडवून पाहिल्याशिवाय तो सिद्ध होणारही नाही. ज्यासाठी हे रॉकेट हवे आहे त्या भारताच्या नियोजित अंतराळ स्थानकाने हिंगोलीत पाऊस पडणार नाही, हे मी खुशाल मान्य करतो. पण उपग्रह स्वस्तात वर जाणे हे ज्यांचे पीक ढगांवर अवलंबून आहे त्यांच्याही हिताचे आहे.

आता टीकाकारांच्या बाजूने जे खरे आहे, ते तितक्याच ठामपणे मांडले पाहिजे. अपयशाला मुभा द्यायची ती त्यातून शिकलेले सर्वांसमोर येते म्हणून. एसएसएलव्हीच्या अपयशाची कारणमीमांसा इस्रोने प्रसिद्ध केली, म्हणूनच वरचा तपशील कोणालाही वाचता आला. पण १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने फसले, तेव्हा चौकशी समितीचा सविस्तर अहवाल पुढच्या उड्डाणाआधी लोकांसमोर आला नाही. १२ जानेवारी २०२६ रोजी पीएसएलव्ही-सी६२ उडाले आणि तेही तिसऱ्या टप्प्यातच बिघडले. ही नव्या यंत्राची पहिली चाचणी नव्हती. तीन दशके मुरलेले रॉकेट एकाच टप्प्यात पाठोपाठ दोनदा अडखळले. अशा वेळी गप्प बसणे हे अपयशापेक्षा मोठे नुकसान आहे, कारण लोकांनी दिलेली मुभा त्याने संपते. इस्रोवर श्रद्धा ठेवा, प्रश्न विचारू नका, असे सांगणारे समर्थक या संस्थेचे भले करत नाहीत. १९७९ च्या अपयशानंतर तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले होते. ती परंपरा या संस्थेचीच आहे आणि ती मागून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

म्हणून नव्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाआधी तीन गोष्टी मागाव्यात. उड्डाणातून नेमके काय तपासायचे आहे, त्याची यादी आधी जाहीर करावी. मग पहिला टप्पा नीट चालला पण परत उतरला नाही, तर त्याला अर्धे यश म्हणायचे की अपयश, यावर नंतर शब्दांचा खेळ होणार नाही. पहिल्या उड्डाणात मौल्यवान उपग्रह ठेवू नये. १९९३ मध्ये आयआरएस-१ई गेल्यानंतर हे वेगळे सांगायची गरज नसावी. आणि उड्डाण फसले, तर कारणांचा अहवाल दुसऱ्या उड्डाणाच्या आधी लोकांपुढे यावा, संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक तेवढाच भाग वगळून. या तीन अटी पाळल्या गेल्या, तर पहिले रॉकेट पडले तरी ‘पैसे बुडाले’ म्हणण्याचा अधिकार कोणाला उरत नाही. पाळल्या गेल्या नाहीत, तर यशस्वी उड्डाणावरही प्रश्न विचारले पाहिजेत.

ही शिस्त हिंगोलीला दुसऱ्या कोणाहून आधी अंगी बाणवावी लागेल. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींना अंतिम मंजुरी, ११ मे २०२३ रोजी पायाभरणी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझर किरण धावतील आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक मोजण्याचा प्रयत्न होईल. असे यंत्र सुरू केल्या दिवशी काही ऐकू येत नाही. अमेरिकेतल्या लायगोच्या पहिल्या यंत्रांनी २००२ ते २०१० या काळात निरीक्षणे केली आणि त्यांना एकही लहर सापडली नाही. त्या वर्षांत ती यंत्रे फसली असे ठरवून कुलूप लावले असते, तर १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली नोंद झाली नसती. दुधाळ्यातही पहिली काही वर्षे आवाज, कंपने, गळत्या शोधण्यात जातील, आणि तेव्हा हेच प्रश्न थेट औंढ्याच्या बाजारात विचारले जातील: एवढे कोटी ओतले, मिळाले काय? रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाला जो न्याय आपण आज लावू, तोच त्या दिवशी आपल्या गावच्या वेधशाळेला लागणार आहे. म्हणून जिल्ह्याने दोन्ही ठिकाणी एकच मागणी करावी: चाचणीला वेळ आणि अपयशाला मुभा देऊ, पण प्रत्येक अपयशाचे कारण आम्हाला आमच्या भाषेत, ठरल्या मुदतीत कळले पाहिजे. जो समाज एवढी मागणी करतो आणि ती पूर्ण होईपर्यंत धीर धरतो, त्याचेच पैसे विज्ञानात सत्कारणी लागतात.